बाजंपुरती जागा

एका गावात केरबा नावाचा एक गडी व्हता. भोळा म्हणायचं म्हणून म्हणायचं. गाव त्याला काय म्हणायचं ते पोरांसमोर सांगण्यासारखं नाय.

सांगितलेलं काम तो करायचा. अंगचोर नव्हता. हीच तर गोची. अंगचोर असता तर निम्मी भानगड झालीच नसती.

घर दोन खणाचं. बायको हौसा. आन् घरात वस्तू इतक्या, की मांजराला आत यायचं तर आधी अंग आवळून घ्यायला लागायचं. केरबाच्या आईला काय टाकवायचं नाय. आई गेली, पण तिची गाठोडी तिथंच. फुटक्या रांजणात मोडका कंदील, कंदिलात वाळका कांदा, असं एकात एक. हौसा चुलीला टेकून निजायची. केरबा उंबऱ्यावर निजायचा, पाय भाईर.

एका सोमवारी हौसाच्या बापाचा निरोप आला. बाप म्हंजी बाळकूआबा. म्हातारा एकटा पडलेला. पोरानं आन् सुनंनं आधी त्याला घरातनं गोठ्यात काढलं. मग गोठ्यात मोटारसायकल लावायची म्हणून तिथनंबी काढलं. आबानं सांगून धाडलं व्हतं, "बेस्तरवारी येतो. एक बाज मावंल येवढी जागा असंल तर ऱ्हातो. नसंल तर तसं सांग. लेकीला अडचण करून मी ऱ्हायचा नाय. आल्या यष्टीनं माघारी जाईन."

हौसा रडली. मग डोळं पुसून घरभर बघितलं. बाज ऱ्हायली, बाजंचा एक पाय मावंना.

बचत गटातल्या सुमनबाईनं तिला मोबाईलवर एक शहरातली बाई दाखवली व्हती. पांढरं घर, आत एक खुर्ची आन् एक कुंडी. बाई म्हणत व्हती, वस्तू कमी करा, मन हलकं हुतं. ती जेवती कशात ते काय दाखवलं नव्हतं. पण तिची एक गोष्ट हौसाच्या ध्यानात ऱ्हायली.

ती केरबाला म्हणली, "अवो, मी रानात भांगलायला चालले. तुमी अडगळ काढा. वरीसभर ज्याला हात लागला नाय ते समदं भाईर. ज्याला लागंल त्याला देऊन टाका. आबासाठी जागा झाली पायजे."

"वरीसभर हात लागला नाय ते भाईर." केरबानं टावेलाच्या टोकाला गाठ मारली. "कळलं."

हौसा गेली. केरबा कामाला लागला. एकेक वस्तू समोर धरायची आन् खरं खरं आठवायचं.

जातं. म्या ह्याला हात लावला का? नाय. भाईर.

परात. नाय. भाईर.

तवा. चटका बसतो, हात कोण लावतंय. भाईर.

लाटणं, केरसुणी, घागर, उलथनं. कशालाच त्याचा हात नव्हता. दारावरनं जो जाईल त्याला हाक मारून त्यानं एकेक देऊन टाकलं. लोणच्याच्या बरणीपाशी जरा थांबला. लोणच्याला हात रोज लागायचा, पण बरणीतनं काढायची हौसा. म्हणून लोणचं ठिवलं आन् बरणी दिली. लोणचं जमिनीवर ठिवलं.

सांजचं हौसा आली. दारातच उभी ऱ्हायली.

"तवा कुठाय?"

"दिला."

"परात?"

"दिली."

"जातं?"

"ते बी दिलं. हात लागला नव्हता."

"आन् हे सायकलीचं टायर? हा फुटका रांजण?"

"टायराला रोज हात लागतो. रोज वाटंतनं बाजूला सरकवतो. रांजणावर तर मी बसतो."

हौसानं कपाळाला हात लावला. मग गावभर दारोदार फिरून आपलाच संसार मागून आणला. जातं आणायला तीन बाया लागल्या. देताना केरबानं एकट्यानं उचललं व्हतं.

"अवो, असं नसतंय," ती म्हणली. "वस्तू काढायच्या आधी इचारायचं. ज्याची वस्तू त्याला इचारायचं, मग काढायची."

"आसं व्हय. आधी सांगायचं की." केरबानं दुसरी गाठ मारली. "आता कळलं."

मंगळवारी केरबा माळ्यावर चढला. माळ्यावर त्याच्या बापाचं बाड व्हतं. फाटकं घोंगडं, काठी, आन् चामडं फुटलेली हलगी. काढायलाच पायजे व्हतं. पण वस्तू बापाची. बापाला इचारायला पायजे. बाप मरून सा वर्सं झाली व्हती.

केरबा वड्याच्या काठाला गेला. बापाला जिथं जाळला व्हता तिथं उकिडवा बसला आन् म्हणला, "आप्पा, घोंगडं देऊन टाकू का?"

कायच नाय.

तो बसून ऱ्हायला. ऊन डोक्यावर आलं. शेरडं घेऊन एक धनगर चालला व्हता.

"केरबा, काय करतूयास?"

"बापाला इचारतोय, घोंगडं देऊ का."

"मग? काय म्हणतोय?"

"इचार करतोय."

धनगरानं शेरडं जरा जोरात हाकली.

दीस कलला तरी केरबा तिथंच. शेवटाला हौसा हुडकत आली. बेस्तरवार दोन दिसांवर आला व्हता आन् घरातनं एक गाठोडं हाललं नव्हतं.

"अवो, मेलेलं माणूस बोलतंय का कुठं?"

"बोलत नाय, म्हणून तर थांबलोय."

"असं नसतंय. इचारलं आन् माणूस गप बसला, म्हंजी त्याची हरकत नाय असं धरायचं. द्यायची वस्तू देऊन टाकायची."

"आसं व्हय." तिसरी गाठ बसली. "आता कळलं."

घोंगडं धनगरालाच दिलं. आईची गाठोडीबी हौसानं स्वतः उचलून भाईर काढली. रांजण उकिरड्यावर गेला. केरबानं जाताना त्याला हात लावून घेतला. राती बघितलं तर बाजंच्या दोन पायांपुरती जागा झाली व्हती. हौसाला जरा धीर आला.

बुधवारी ती धुणं घेऊन वड्याला गेली. केरबा घरात एकटा. काढायजोगं आता फार नव्हतं. त्यानं भाईर बघितलं. शेजारच्या ओट्यावर भानूतात्या जेवून आडवा झाला व्हता. तोंड उघडं, घोरणं चालू. उशाला पाण्याचा गिलास, गिलासात तात्याची कवळी. बाजूला छत्री, पायताण आन् एक खुर्ची. केरबाला वाटलं, तात्याच्या ओट्यावर लई दाटी झालीया. बिचारा अंग चोरून निजलाय.

तेवढ्यात धोंडाआजी काठी टेकत आली. केरबाच्या दारात बसली.

"दात नायत रं बाबा," म्हणली. "दोन वर्सं झाली, भाकरी भिजवून गिळती. चव कशी असती तेच इसरले."

केरबानं गिलासाकडं बघितलं. पण आता तो काय पयल्यावानी येडा नव्हता. रीत शिकला व्हता. तो तात्याच्या कानाशी वाकला.

"तात्या, तुमचं जेवण झालंय. दात आजीला देऊ का?"

तात्या घोरला.

घोरणं म्हंजी बोलणं का गप बसणं? केरबानं जरा इचार केला. घोरण्यात 'नगं' असा शबुद काय आला नव्हता. तरी त्यानं आणखी दोनदा इचारलं. दुसऱ्याची वस्तू हाय, घाई नसावी.

मग आजीला दात दिलं. छत्री इचारून दिली. खुर्ची इचारून दिली, ती न्हाव्याला. पायताण पोस्टमनला आलं नाय, म्हणून त्याच्या भावाला धाडलं.

तात्या उठला. गिलासात नुस्तं पाणी. बोंब मारायला तोंड उघडलं तर भाईर वारा. दात नसल्यावर शिव्यासुदिक धड निघत नायत. त्यो हातवारं करत केरबाच्या दारात आला. हौसा नेमकी धुण्याचा पिळा घेऊन येत व्हती.

"ह्यांनी काय केलंय, तात्या?"

तात्यानं बोट तोंडात घातलं आन् धोंडाआजीच्या घराकडं दाखवलं. आजी दारात बसली व्हती. ऊस खात व्हती.

हौसा पळत गेली. "आजी, ते दात तात्याचं हायत."

"व्हय. केरबा म्हणला तसं," आजी म्हणली. "येवढं कांडं संपू दे."

कांडं संपंपर्यंत तात्या आन् हौसा उभं ऱ्हायलं. ते संपल्यावर आजीनं दुसरं घेतलं.

सांजंपर्यंत तात्याचं समदं परत आलं. तात्यानं दात बसवलं आन् दुपारपासून साठलेलं समदं बोलून घेतलं. हौसा खाली मान घालून ऐकत व्हती. तात्या गेल्यावर ती केरबासमोर बसली. लहान पोराला सांगावं तसं हळू सांगितलं.

"अवो, दुसऱ्याची वस्तू आपण ठिवायची नसती आन् कुणाला द्यायची बी नसती. ज्याची त्याला परत करायची. आपल्या घरातबी गावातनं मागून आणलेलं कायबाय पडलंय. उद्या सकाळी ते ज्याचं त्याला देऊन या. आबा दुपारच्या यष्टीनं येतील. त्यांच्यासमोर आता काय करू नगा, तुमच्या पाया पडते."

"ज्याचं त्याला परत." केरबानं चवथी गाठ मारली. टावेल आता पुसायच्या कामाचा ऱ्हायला नव्हता. "कळलं. बास."

बेस्तरवार उजाडला. काडेपेटी सादळली व्हती, म्हणून हौसानं पलीकडल्या भीमाबाईकडनं खापरावर इस्तू आणून चूल पेटवली. तव्यावर आबासाठी भाकरी टाकली आन् घागर घेऊन आडावर गेली. एक खेप, फार तर दोन.

केरबानं चाळण उचलली. ती सुताराची. देऊन आला. कोयता भानूतात्याचा. तात्या उठायच्या आत देऊन आला. खिडकीपुढं रचलेली उसनी पोती आन् टोपली ज्याची त्याला पोचवली. मग शिंक्यावरलं दही दिसलं. दूध त्यांचंच, पण इरजण भीमाबाईचं. दूध वेगळं काढता येईना, म्हणून समदं दही भीमाबाईला. कोंबडी दिसली. कोंबडी ज्या अंड्यातनं निघाली ते अंडं सुमनबाईचं. कोंबडी बगलंत मारून सुमनबाईला देऊन आला.

ऱ्हायला इस्तू. त्यो बी भीमाबाईचा.

केरबानं चूल उपसली. निखारं खापरावर भरलं. भीमाबाई नुकतीच चूल सारवून ओल्या हातानं उभी.

"आता काय आणलंस रं?"

"तुमचा इस्तू."

"अरं, इस्तू कोण परत करतंय?"

"म्या बी तेच म्हणतोय. कुणी करत नाय. गावाला वळणच नाय."

आन् त्यानं निखारं ओल्या चुलीत वतलं. धुरळा, वाफ, राख. दोरीवर भीमाबाईचं इरकली लुगडं वाळत व्हतं. त्याला पुरणपोळीयेवढं भोक पडलं.

हौसा आली तवा चूल गार. तव्यावर भाकरी एका अंगानं कच्ची. ती भिंतीला टेकून बसली. कायच बोलली नाय. केरबानं धरलं, हरकत नाय.

मग तिची नजर घरभर फिरली. खिडकीपुढं आता काय नव्हतं, तर ऊन आत येऊन चुलीपातुर पोचलं व्हतं. जमीन दिसत व्हती. ह्या घराला जमीन हाय हे तिला लगीन झाल्यापासून पयल्यांदा कळलं. बाज मावणार व्हती. मावून वर माणसाला फिरता आलं असतं. तिनं डोळं पुसलं, पदर खोचला, भाकरी शेजारणीच्या चुलीवर भाजून आणली आन् यष्टीला गेली.

यष्टीच्या टपावरनं बाज उतरली, मागनं आबा उतरला. सामान म्हणशील तर एक गाठोडं. बापलेक बाज दोन्ही टोकाला धरून घराकडं आली.

दारात केरबा उभा. हातात नारळ, हळद-कुंकू, आन् हौसाची दोन लुगडी बांधलेलं गाठोडं.

"मामा, बरं झालं आलासा. नायतर मलाच यायला लागलं असतं. तुमचं एक आमच्याकडं ऱ्हायलंय."

"माझं?" आबा म्हणला. "माझं काय ऱ्हायलंय?"

"हौसा." केरबानं गाठोडं पुढं केलं. "नऊ वर्सं झाली आणून. परत करायची ध्यानातच ऱ्हायलं नाय. न्या. कुठं टवका उडाला नाय, बघून घ्या."

हौसानं बाजंचं टोक खाली ठिवलं. आबानं लेकीकडं बघितलं, जावयाकडं बघितलं. म्हातारा दमून आला व्हता. त्याला भांडायचं त्राण नव्हतं.

"जावईबापू, हिला नेऊ कुठं? माझं घर तर पोराकडं हाय."

"घर तुमचं?"

"ह्या हातांनी बांधलं."

"आन् मेव्हण्यानं ठिवून घेतलं? परत केलं नाय?"

"नाय बाबा."

केरबाला वाईट वाटलं. "त्याला कुणी सांगितलं नसंल," तो म्हणला. नारळ हौसाच्या हातात दिला, टावेल खांद्यावर टाकला आन् चालाय लागला.

"आबा, अडवा की त्यास्नी," हौसा म्हणली.

पण आबा आत गेला व्हता. बाज भिंतीकडंला लागली. म्हाताऱ्यानं टोपी खुंटीला अडकवली, गाठोडं उशाला घेतलं आन् पाय लांब केलं. पाय भिंतीला टेकलं नायत.

"मावली की गं," म्हणला. "आता काय नगं मला." आन् तिथंच झोपला.

हौसा त्याच्याकडं बघत बसली. नवऱ्याला हाक मारायचं ऱ्हाऊन गेलं.

केरबा उसाच्या मोकळ्या ट्रॅक्टरवर बसून मेव्हण्याच्या गावाला पोचला. मेव्हणा उत्तम आन् त्याची बायको मंदा लग्नाला निघाली व्हती. उत्तम मोटारसायकलला किक मारत व्हता.

"वैनी," केरबा म्हणला, "मामाचं काय काय हाय ते न्यायला आलोय."

मंदाला वाटलं, म्हाताऱ्याचं फाटकं अंथरूण आन् पितळी मागायला आलाय. ती केसातला गजरा नीट करत म्हणली, "न्या एकदाचं, दाजी. त्या म्हाताऱ्याचं जे जे म्हणून हाय ते समदं न्या. एक काडीसुदिक इथं ठिवू नगा." आन् मोटारसायकलवर बसून गेली.

केरबा दारात उभा ऱ्हायला. घर भरलेलं. ह्यातलं मामाचं कुठलं, हे त्याला काय ठावं. त्यानं आळीतल्या चार म्हाताऱ्यांना इचारलं.

"हे कपाट?"

"बाळकूनं घेतलं. गूळ इकून."

"हा पलंग?"

"बाळकूच्या लग्नातला."

"हे दार?"

"बाळकूच्या बाभळीचं."

"कौलं?"

म्हाताऱ्यांनी एकमेकाकडं बघितलं. "कौलं तर त्यानं एकेक डोक्यावरनं आणली."

"आन् भित्ती?"

"भित्ती बी त्याच्याच," एकजण म्हणला. "पण त्या ऱ्हाऊ देत. ट्रालीत मावायच्या नायत."

मग आळीच हाताला लागली. पोरं शिडीवर चढली, बायांनी साखळी करून कौलं खाली उतरवली. ट्रॅक्टरवाल्यानं भाडं नगं म्हणून सांगितलं. दुसऱ्याचं घर उतरवायला इतक्या आनंदानं कुणी कवा आलं नसंल. उत्तम आन् मंदा लग्नासनं परत आली तवा त्यांनी कुलूप काढायला किल्ली भाईर काढली. दार नव्हतं. आत बघितलं तर वर आभाळ.

दीस मावळायला ट्राली केरबाच्या दारात लागली. हौसा शेजारणीकडनं चहा घेऊन येत व्हती. तिची किटली हातातच ऱ्हायली.

केरबा घामानं भिजला व्हता. पण अशा कामाला दम कुठला. आधी कपाट आत घातलं. मग पलंग. मग दुसरं कपाट, दोन पेट्या, पाट, माच, उखळ, भाताची कणगी, देव्हारा. कणगीच्या येळंला आबाची बाज आड यायला लागली. केरबानं आन् ट्रॅक्टरवाल्यानं म्हाताऱ्याला न उठवता बाज उचलली, भाईर आणली आन् रस्त्याच्या कडंला ठिवली. मग जागा झाली. मग बाभळीचं दार आलं, चौकटीसकट. मग वासं. मग कौलं. कौलं आढ्याला भिडली तवा कुठं ट्राली रिकामी झाली. शेवटाला खिडकी बुजली.

आबा जागा झाला. वर बघतो तर चांदणी. उठून बसला. भोवती अर्धं गाव गोळा झालेलं, भानूतात्या पुढं. समोर लेकीचं घर, आन् घराच्या दारातनं त्याच्याच घराचं दार भाईर डोकावतंय.

"हे काय रं, जावईबापू?"

"तुमचं समदं, मामा. मेव्हण्याकडं ऱ्हायलं व्हतं. वैनीनं एक काडी ठिवू दिली नाय."

आबानं बाजंवरनं पाय खाली सोडलं. मग हळू म्हणला, "ह्यातलं मला कायच लागत नव्हतं रं."

हौसा पुढं आली. लई शांत आवाजात तिनं इचारलं, "अवो, आता आबांनी निजायचं कुठं?"

केरबानं घरात डोकं घालून बघितलं. डोकंसुदिक पुरतं जाईना. कौलं जरा दाबून बघितली, कपाट खांद्यानं रेटून बघितलं. मग तो बाजंपाशी आला, सासऱ्यापुढं अदबीनं वाकला आन् म्हणला,

"मामा, आजची रात तेवढी तुमी भाईर काढा. तुमच्या सामानाला आत जागा कमी पडतीया."